‘शोरूम लिहिलंत, आग नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही नाव दिलेलं नाही. ‘निवृत्त बंबवाला’ एवढंच लिहिलंय, आणि मुंबईत तीस वर्षं बंबावर काढली असं म्हटलंय. म्हणून काका म्हणतोय, चालत नसेल तर सांगा. उत्तराला आठ दिवस लागले, कारण पहिल्या रात्री लिहिलेलं उत्तर नुसतं रागाचं होतं. ते सकाळी पुसलं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी : गेल्या महिन्यात मी इंग्लंडमधल्या जुन्या आगीच्या बंबांवर लिहिलं होतं. गिल्डफर्डच्या डेनिस कारखान्यातल्या गाड्या, एफ १२ मॉडेलमधलं रोल्स-रॉइसचं आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पितळी घंटा, मोठ्या चाकांची शिडी, १९७७ च्या फायरमनच्या संपातल्या लष्करी हिरव्या गाड्या. त्यावर काकांनी लिहिलं : ‘शोरूम लिहिलंत, आग नाही. पितळ घासून चकचकीत केलंत, पण आत गेलेला माणूस बाहेर आला का, ते कुठे आहे? संपकऱ्यांनी देश वेठीला धरला म्हणता, त्यांचा पगार किती होता ते बघितलंत? आणि १४ एप्रिल १९४४ ची आठवण एका ओळीनेही नाही. साहेबाची खेळणी मात्र कौतुकाने मांडलीत.’

चार आरोप आहेत. दोन सरळ मान्य, एक अर्धा मान्य, एक अजिबात नाही.

पितळापासून सुरू करतो. लेखात मी पितळी शिरस्त्राणाचा आणि उघड्या गाडीचा ‘रुबाब’ असा शब्द वापरला होता. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर तो डोळ्यांत खुपायला लागला. लंडनच्या दलाचे प्रमुख मॅसी शॉ यांनी पॅरिसच्या बंबवाल्यांचं बघून पितळी टोप आणला. त्याच्या तुऱ्यावर ड्रॅगन कोरलेला असायचा, देखणा होता, वरून पडणाऱ्या विटेपासून डोकं वाचवायचा. पण घरोघर वीज आली आणि छतातून लोंबणाऱ्या तारेखाली पितळेचं डोकं घेऊन उभं राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. १९३० च्या दशकात लंडनने तो टोप बंद केला तो फॅशन बदलली म्हणून नव्हे.

उघड्या गाडीचंही तेच. लेखातल्या फोटोत माणसं दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून, तोंड रस्त्याकडे करून, पितळी दांडी धरून बसली आहेत. आगीची वर्दी आली की निम्मे कपडे गाडीतच चढवायचे, म्हणजे एक हात दांडीला आणि एक हात बाहीत. वळणावर माणूस फेकला जायचा. जानेवारीत भिजलेला अंगरखा अंगावर गोठायचा. या रचनेला ब्रेडवुड बॉडी म्हणतात, जेम्स ब्रेडवुड या लंडनच्या पहिल्या मोठ्या प्रमुखाच्या नावावरून. रस्त्यावरून पाणी मारत बसू नका, आत शिरा आणि आगीच्या बुडाशी मारा, हे माणसांना शिकवणारा तो. २२ जून १८६१ ला टूली स्ट्रीटच्या गोदामांच्या आगीत भिंत अंगावर कोसळून तो गेला. ती आग दोन आठवडे धुमसत होती. तोवर लंडनचं दल विमा कंपन्या चालवायच्या. नुकसानभरपाईचा आकडा बघून त्यांनी हात वर केले, आणि मग १८६६ मध्ये सरकारी दल उभं राहिलं. हे सगळं मला माहीत होतं, काका. तरी लेखात मी गाडीच्या रंगाच्या थरांवर दोन परिच्छेद घातले आणि ब्रेडवुडला कंसात बसवलं. चूक माझी.

आता ‘आत गेलेला माणूस बाहेर आला का’ हा तुमचा प्रश्न. सगळ्यात जास्त लागला तो हाच, कारण त्याचं उत्तर ज्या शेडमध्ये मी रविवार घालवतो तिथेच एका खिळ्याला टांगलेलं आहे आणि मी त्याचा फोटोसुद्धा काढला नव्हता.

मी सरे भागात राहतो. इथल्या चार-पाच निवृत्त फायरमननी मिळून एक जुनी डेनिस दुरुस्तीला काढली आहे. मी तिथे नट घासण्याच्या लायकीचा मदतनीस. तिथे एक प्रोटो सेट आहे, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठी अंगावर चढवायचा जुना, ऑक्सिजनवर चालणारा सेट. कमरेमागे छोटी टाकी, छातीवर रबरी पिशवी, पिशवीत उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारं रसायन. नाकाला चिमटा, आणि तोंडात रबरी बोळा दातांनी घट्ट धरायचा. एका रविवारी त्यांनी तो माझ्यावर चढवला. सिलिंडर अर्थातच रिकामा, नुसता अंदाज यावा म्हणून. पहिली गोष्ट कळते ती ही की बोलता येत नाही. ‘काढा’ म्हणायचं तर बोळा सोडावा लागतो, आणि धुरात बोळा सोडला की संपलं. ते सगळे हसत होते, मी हातवारे करत होतो. त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्याने सांगितलं की रसायन काम करायला लागलं की श्वासाची हवा तापत जाते, गरम चहाच्या वाफेवर तोंड धरल्यासारखी.

असले सेट घालून २३ जानेवारी १९५८ ला लंडनमधल्या स्मिथफील्डच्या मटण बाजाराखालच्या तळघरांत माणसं उतरली. खाली बोळांचा चक्रव्यूह, दोन्ही बाजूंना टांगलेलं मांस, धूर इतका की स्वतःचा हात दिसेना. कोण किती वाजता उतरलं, कोणाच्या सिलिंडरमध्ये किती शिल्लक आहे, याची सगळीकडे एकसारखी नोंद ठेवायची पद्धतच नव्हती. एक स्टेशन ऑफिसर आणि एक फायरमन आतच राहिले. ऑक्सिजन संपला.

त्याच वर्षी परिपत्रक निघालं आणि ज्याचा मी फोटो काढला नाही ती वस्तू देशभर आली : बिल्ला. आमच्या शेडमधला पिवळ्या प्लॅस्टिकचा आहे, बोटभर रुंद. त्यावर नाव, सिलिंडरचा दाब आणि आत जायची वेळ पेन्सिलीने लिहायची. आत जाताना तो दारावरच्या माणसाकडे द्यायचा. तो माणूस फळीवरच्या खाचेत बिल्ला बसवतो, शेजारी घड्याळ असतं, आणि आत गेलेल्याच्या सेटची शिट्टी किती वाजता वाजायला हवी ते तो गणित करून लिहितो. दाब उतरला की सेट स्वतःच शिट्टी वाजवतो, तीही स्मिथफील्डच्या आगीनंतरच्या चौकशीतून आली. बाहेर आलास की बिल्ला परत घ्यायचा. फळीवर बिल्ला उरला, तर माणूस आत आहे. बस, एवढंच. रोल्स-रॉइसच्या इंजिनाशेजारी हे प्लॅस्टिक कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

ग्लासगोबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण तुमच्याच बाजूने भर घालतो. २८ मार्च १९६० ला चीपसाइड स्ट्रीटवर व्हिस्कीच्या गोदामाला आग लागली. आत दहा लाख गॅलनांहून अधिक व्हिस्की आणि रम. पिंपं फुटून मद्याची वाफ कोंडली, स्फोट झाला आणि भिंती रस्त्यावर आल्या. दलाचे १४ आणि विमा कंपन्यांच्या साल्व्हेज (माल वाचवणाऱ्या) पथकाचे ५, असे १९ जण एका फटक्यात गेले. आठ वर्षांनी त्याच शहरात जेम्स वॉट स्ट्रीटवर बंब काही मिनिटांत पोचले, शिड्याही लागल्या. पण ती इमारत आधी व्हिस्कीचं गोदाम असल्याने खिडक्यांना लोखंडी गज होते. आत गाद्या-सोफ्यांचा कारखाना. २२ कामगार गजांमागे मेले. ज्या पन्नास फुटी शिडीच्या छातीएवढ्या चाकांवर मी लेखात फिदा झालो होतो, तशी शिडी गजांपाशी पोचून करणार काय? आणि १९८७ ला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनच्या आगीत ३१ जण गेले, त्यात स्टेशन ऑफिसर कॉलिन टाउन्स्ली. तोवर फायरमनच्या पायांत पिवळ्या प्लॅस्टिकच्या विजारी होत्या, उष्णतेने वितळणाऱ्या. त्या बदलल्या त्यानंतर.

तेव्हा पहिला आरोप पूर्ण मान्य.

संपाचा आरोपही. ‘देश वेठीला धरला’ हे वाक्य मी कुठून तरी ऐकून तसंच उतरवलं होतं. १४ नोव्हेंबर १९७७ ला सुरू झालेला संप नऊ आठवडे चालला. मागणी ३० टक्के वाढीची होती, पदरात १० टक्के पडले. पण त्याबरोबर पगार इतर कामगारांच्या पगाराशी जोडणारं सूत्र मिळालं आणि आठवड्याचे ४८ तास ४२ वर आले. शेडमधला एकजण तेव्हा स्टेशनबाहेर शेकोटीपाशी उभा होता. लोक येताजाता लाकडं आणि खायला आणून द्यायचे, असं तो सांगतो. वेठीला धरलेले लोक लाकडं आणून देतात का? आणि हिरव्या गाड्या, ‘ग्रीन गॉडेस’, ज्यांनी म्हणे देश वाचवला, त्या मुळात दलाच्या गाड्याच नव्हत्या. १९५३ ते ५६ च्या दरम्यान बेडफर्डच्या सांगाड्यावर त्या बांधल्या गेल्या त्या अणुबॉम्ब पडला तर जळत्या शहराला नदीवरून पाणी ओढून द्यायला. ज्या नागरी साहाय्यक दलासाठी त्या बनल्या ते १९६८ मध्येच बरखास्त झालं. गाड्या झाकून ठेवलेल्या. ७७ साली त्या बाहेर काढून, आग विझवण्याचं जुजबी शिक्षण दिलेल्या सैनिकांच्या हाती दिल्या. त्या पोरांनी जीव तोडून काम केलं हे खरं, पण ‘वाचवलं’ हा शब्द मी सुटा फेकायला नको होता. मूळ वाक्य पुसलेलं नाही, त्यावर रेघ मारून खाली दुरुस्ती लिहिली आहे.

आता १४ एप्रिल. हा अर्धा मान्य. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये पेटलेल्या फोर्ट स्टिकाइन जहाजाचा स्फोट झाला, त्यावर पाणी मारणाऱ्या तुमच्या दलाचे ६६ जवान गेले, तो दिवस देशभर अग्निशमन दिन म्हणून पाळतात, आणि मी मुंबईचा असून त्याची एक ओळ लिहिली नाही. पण मुद्दामच लिहिली नाही. घंटांच्या आणि रंगांच्या लेखात तळाला ‘आपल्याकडेही’ म्हणून ते ६६ जण चिकटवणं मला बरं वाटेना. त्यांना शेपटासारखं लावायचं नव्हतं. तरी नुसतं गप्प बसण्यानेही तेच झालं, हे तुम्ही दाखवलंत.

आणि संबंध नाही असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? ते जहाज निघालं होतं इथूनच, लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडहून, २४ फेब्रुवारीला. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं. कराचीत त्यावर कापसाच्या गाठी चढल्या. स्फोटकांशेजारी कापूस ठेवू नये हे इथल्या कुठल्याही गोदीतल्या हमालाला कळत होतं. गोदीत शिरताना धोक्याचा लाल बावटाही लावलेला नव्हता. दुपारी धूर दिसला तेव्हापासून चार वाजून सहा मिनिटांपर्यंत जहाज बुडवायचं की ओढून बाहेर न्यायचं, हे ठरवणारा एक माणूस तिथे नव्हता. सल्ले देणारे पुष्कळ होते. तोवर तुमची माणसं तापलेल्या डेकवर होज धरून उभी. स्मिथफील्डला निदान परिपत्रक तरी निघालं. मुंबईची बातमी सेन्सॉरने दाबून धरली आणि जगाला ती आधी जपानी ताब्यातल्या सायगाव रेडिओने सांगितली. यावर स्वतंत्र लेख लिहीन. तुम्ही वाचून दिल्याशिवाय टाकणार नाही.

राहिलं ‘साहेबाची खेळणी’. हे मात्र नाही, काका. तुम्ही स्वतःला बंबवाला म्हणवता; तो ‘बंब’ पोर्तुगीजांच्या बोंबापासून आला आणि आपण त्यात अंघोळीचं पाणीसुद्धा तापवलं. यंत्र कुणाचं, हे त्याच्या हँडलला धरलेल्या हाताला विचारावं. या शेडमधल्या म्हाताऱ्यांपैकी एकही साहेब नाही. एकाचा बाप गवंडी होता, दुसऱ्याचा खाणीत. डेनिसची जी घंटा मला आवडते ती त्यांनी दोरी ओढओढून वाजवली आहे, आणि आज ती घासताना ते फारसं बोलत नाहीत. मला पंपाचा आवाज आवडतो, तो आवडतच राहणार.

एक विचारायचं होतं. तुमच्या उमेदीत मुंबईत आत जाणाऱ्याची नोंद कशावर व्हायची? बिल्ला होता, की पाटीवर खडूने? शेडमधल्या म्हाताऱ्याला तुमची प्रतिक्रिया इंग्रजीत करून सांगितली, तेव्हा त्याने पहिला प्रश्न हाच विचारला.