कोईचं तळं उपसून घासू नका

हिवाळा सरत आला की कोई, म्हणजे तळ्यात पाळायचे रंगीबेरंगी जपानी मासे, पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला दरवर्षी नव्याने फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं: 'तळं पूर्ण उपसा, ब्लीचिंग पावडर टाकून तळ आणि भिंती घासा, फिल्टर नळाखाली स्वच्छ धुवा, ताजं पाणी भरा, मूठभर मीठ टाका आणि हिवाळाभर उपाशी राहिलेल्या माशांना पोटभर खाऊ घाला.' पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण हा सल्ला मासे मारतो. तरीही तो टिकून आहे, कारण मासे सफाईच्या दिवशी मरत नाहीत. त्या दिवशी पाणी नितळ दिसतं, फोटो सुंदर येतात. दोन-तीन आठवड्यांनी मासे सुस्तावतात, तळाशी बसून राहतात, आणि तोवर सफाई कोणाच्या लक्षातही नसते. मग दोष खाद्यावर नाहीतर हवेवर जातो.

आधी घासण्याचं बघू, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. मासे सतत अमोनिया बाहेर टाकतात, त्यातला बराचसा कल्ल्यांमधून. त्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू तळ्यातच राहतात. पाण्यात त्यांची संख्या फार थोडी; त्यांची खरी वस्ती फिल्टरच्या स्पंजवर, मॅटवर, दगडांवर आणि भिंतीवरच्या त्या बुळबुळीत थरात असते. ब्लीचिंग पावडरने ही वस्ती नष्ट होते, आणि फिल्टर नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली खळखळून धुतला तर तिथलीही बरीचशी जाते. ती नव्याने बसायला उबदार पाण्यातसुद्धा चार ते सहा आठवडे लागतात. नुकत्या सरलेल्या थंडीच्या गार पाण्यात त्याहून जास्त. लख्ख घासलेलं तळं म्हणजे आज बांधलेलं तळं, आणि त्यात पूर्ण वाढलेले, भरपूर अमोनिया सोडणारे मासे.

आधी अमोनिया चढतो. त्याचा किती भाग विषारी रूपात असेल हे पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी हे सांगणाऱ्या आकड्यावर, ठरतं: 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असेल तर जेमतेम अर्धा टक्का, 8 असेल तर पाच टक्क्यांच्या आसपास, 9 असेल तर एक तृतीयांशाहून जास्त. म्हणून अमोनियाचा तोच आकडा एका तळ्यात खपून जातो आणि दुसऱ्यात मासे घेतो. अमोनिया उतरू लागला की नायट्राइट चढतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासे वर येऊन धापा टाकतात. हे एकदा पाहिलं की तळं घासण्याचा उत्साह कायमचा जातो.

मग काहीच साफ करायचं नाही का? करायचं तर. तळाचा काळा गाळ आणि कुजलेली पानं काढलीच पाहिजेत, कारण साचलेला गाळ प्राणवायू खातो आणि त्यातून कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू सुटतो. पण गाळ ढवळू नका. बारीक जाळीने किंवा गाळ ओढणाऱ्या व्हॅक्यूमने थोडा थोडा, दोन-तीन बैठकांत काढा. फिल्टरचे स्पंज तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत पिळा, आणि सगळे एका दिवशी नको. पंप हिवाळाभर बंद असेल तर मात्र फिल्टरमध्ये साचलेलं कुबट पाणी आधी बाहेर ओतून टाका, ते तळ्यात जाऊ देऊ नका. भिंतीवरचा हिरवा पातळ थर राहू द्या. लांब दोऱ्यासारखं शेवाळ हाताने किंवा काठीला गुंडाळून ओढून काढा.

'पाणी काचेसारखं असेल तर मासे निरोगी' हे तर सरळ चूक आहे. अमोनियाला आणि नायट्राइटला रंग नसतो. जपानच्या निगाता भागात, जिथे कोईची पैदास नावारूपाला आली, मासे वाढवतात ते मातीच्या तळ्यांत, गढूळ पाण्यात. ती तळी उपसतात हे खरं, पण मासे शरद ऋतूत काढून घरातल्या हौदांत नेल्यावर.

'ताजं पाणी भरा' या तीन शब्दांत दोन धोके आहेत. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं. सोडियम थायोसल्फेट ते लगेच निष्प्रभ करतं, पण पाणी थेट तळ्यात सोडत असाल तर मात्रा संपूर्ण तळ्याच्या हिशेबाने घाला. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग) असेल तर ते एक-दोन दिवस पाणी उघडं ठेवून जात नाही, आणि थायोसल्फेटने ते फोडलं की अमोनिया मोकळा होतो. दुसरा धोका तापमानाचा. म्हणून एका वेळी दहा ते वीस टक्के पाणी बदला, तेही सावकाश.

उपसायचं म्हणजे मासे पकडायचे, आणि वर्षातली सगळ्यात वाईट वेळ हीच. थंडीनंतर कोईची प्रतिकारशक्ती अजून मंद असते, पण कॉस्टिया आणि चिलोडोनेलासारखे परजीवी गार पाण्यातही जोमात असतात आणि एरोमोनास जिवाणूही माशांच्या आधी जागे होतात. जाळीत उचलताना अंगावरचा चिकट थर खरवडला की त्यांना दार उघडं. गळतीमुळे तळं रिकामं करावंच लागलं, तर टबात तळ्याचंच पाणी घ्या, हवेचा पंप लावा, वर जाळी घट्ट बांधा (कोई उडी मारतात), आणि मोठा मासा जाळीने वर उचलू नका, पाण्यासह घमेल्यात घ्या.

मिठाचा हिशेब सोपा आहे. 5,000 लिटरच्या तळ्यात 50 ग्रॅम मीठ म्हणजे 0.001 टक्का, त्याने काही होत नाही. नायट्राइटपासून संरक्षण हवं तर साधारण 0.1 टक्का, म्हणजे 1,000 लिटरला 1 किलो लागतं. पण मीठ बाष्पाबरोबर उडून जात नाही, पाणी बदलल्यावरच कमी होतं. शिवाय फिल्टरमध्ये झिओलाइट (अमोनिया धरून ठेवणारे खडे) असेल तर मीठ त्यात अडकलेला अमोनिया पुन्हा पाण्यात सोडतं.

'पोटभर खाऊ घाला' हा सल्ला माझ्या मते सगळ्यात निष्ठुर आहे, कारण तो मायेपोटी पाळला जातो. कोई मासे उपाशी राहून कष्टी झालेले नसतात. गार पाण्यात त्यांचं शरीरच मंदावतं, आणि त्यांना खरं जठर नसतं. पाणी 10 अंशांच्या खाली असेपर्यंत काही देऊ नका. 10 ते 15 अंशांत गव्हाच्या अंकुराचं, पचायला हलकं खाद्य, दिवसातून एकदा, दुपारी, पाच मिनिटांत संपेल एवढंच. हवा उबदार वाटली तरी थर्मामीटर पाण्यात बुडवूनच ठरवा.

आणि कोणी कालच सगळं घासून काढलं असेल, तर आज काय करायचं: खाद्य पूर्ण थांबवा, हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवा, अमोनिया आणि नायट्राइट रोज मोजा, आकडा चढला की क्लोरीन काढलेल्या पाण्याने थोडं पाणी बदला. हे किमान सहा आठवडे.