मामाचा तोल

मामाला लहान मेंदूत स्ट्रोक आला. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासलं. बोट नाकाला लावा, आता माझ्या बोटाला लावा, एका रेषेत चालून दाखवा. मामाने सगळं केलं. "बरे झालात की!" आम्ही खूश.

घरी मात्र मामा वेगळाच. भेटायला आलेल्या बाईंना तोंडावर "किती जाड झालात" म्हणाला. बातम्या बघता बघता मध्येच रडू. शब्दांच्या खेळात कुणाला हार न जाणारा हा माणूस, माझ्या मुलीने 'क'चे शब्द विचारले तर "कमळ, कप, कान..." आणि गप्प. नजर खिडकीबाहेर. मामी म्हणायची, "आजारपणात लाड झालेत, दुसरं काय!"

'अनुमस्तिष्क (म्हणजे हाच लहान मेंदू) शरीराचा तोल सांभाळते' ही ओळ आपण शाळेत घोकली. चुकीची नाही, पण फारच अपुरी, आणि माझी चिडचिड त्यावरच आहे. मेंदूच्या वजनात जेमतेम दहावा हिस्सा असलेल्या या भागात 86 अब्ज चेतापेशींपैकी सुमारे 69 अब्ज आहेत. एवढा फौजफाटा काय फक्त पाऊल सरळ पडावं म्हणून? मेंदूचे अभ्यासक जेरेमी श्माहमन आणि जॅनेट शर्मन यांनी 1998 साली लहान मेंदूचे आजार असलेल्या 20 रुग्णांचा अभ्यास मांडला. शब्द सुचणं, बेत आखणं, भावनांना आवर, प्रसंग ओळखून वागणं, सगळ्यात गडबड. वाचताना वाटलं, ही तर मामाचीच यादी! लहान मेंदू बिघडला की पेला घ्यायला गेलेला हात पुढे निघून जातो, तसाच विचाराचाही नेम चुकतो, असं श्माहमन यांचं म्हणणं.

स्वतःच स्वतःला गुदगुल्या करून बघा. होत नाहीत, कारण आपल्याच बोटाचा स्पर्श कसा लागेल हे लहान मेंदू आधीच ताडतो. बोलण्यावागण्यातही तो असाच अंदाज बांधत असावा. मला तरी हे पटतं.

पण याचा अर्थ तोल साधला की मन बरं होतं, असा नाही. म्हणून 'एका पायावर उभे राहा, नैराश्य पळवा' छापाचे मेसेज कृपया मला पाठवू नका. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात लहान मेंदूला डोक्याबाहेरून चुंबकीय उत्तेजन देऊन पाहिलंय, 2019 च्या एका छोट्या अभ्यासात निरुत्साहासारखी लक्षणं कमीही झाली. पण ते संशोधन आहे, घरगुती उपाय नव्हे.

माझं मागणं साधं आहे. चाल तपासता ना, मग वागणंही विचारा. दुसऱ्या डॉक्टरांनी मामीला विचारलं, "घरी कसे असतात?" मामी वीस मिनिटं बोलत होती. मामा मध्येच म्हणाला, "हिचं पण डोकं तपासा."