घुबडाच्या मेंदूतील ध्वनी-नकाशा जन्मतःच पक्का झालेला नसतो

सध्या एक विधान सर्रास पुढे पाठवले जाते: गव्हाणी घुबडाला अंधारात उंदीर नेमका कुठे आहे हे कळते, कारण आवाजाचा नकाशा त्याच्या मेंदूत जन्मतःच पूर्ण असतो, बालपण सरले की मेंदूतील जोडण्या कायमच्या पक्क्या होतात, आणि नवे शिकले की जुने पुसले जाते. या तीनही गोष्टी प्रयोगांच्या कसोटीवर जशाच्या तशा टिकत नाहीत.

पहिला मुद्दा जन्मजात नकाशाचा. असा नकाशा मेंदूत आहे हे एरिक नडसेन आणि मासाकाझू कोनिशी या मेंदू-संशोधकांनी 1978 मध्ये दाखवले. मध्यमेंदूतील विशिष्ट चेतापेशी विशिष्ट दिशेच्या आवाजालाच प्रतिसाद देतात, आणि आडवी दिशा प्रामुख्याने दोन्ही कानांपर्यंत आवाज पोहोचण्यातील अत्यंत सूक्ष्म वेळेच्या फरकावरून ठरते. दृष्टीविना वाढवलेल्या घुबडांतही नकाशा तयार होतो, त्यामुळे त्याचा आराखडा जन्मजात आहे हे मान्यच करायला हवे. परंतु त्यांचा नकाशा ताणलेला आणि काही वेळा चक्क वरचा भाग खाली असा उलटा आढळला. आराखड्यातील अचूकता अनुभवातून येते, आणि प्रस्तुत विधानात नेमकी हीच गोष्ट गाळलेली आहे.

याचा सर्वांत ठोस पुरावा म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठातील नडसेन यांच्या प्रयोगशाळेतील लोलकांच्या चष्म्यांचे प्रयोग. घुबडाचे डोळे खोबणीत जवळजवळ हलत नाहीत, म्हणून दृश्य 23 अंश बाजूला सरकवणारा चष्मा लावला की डोळे आणि कान यांची सांगड तुटते. पिल्लांमध्ये काही आठवड्यांत श्रवणाचा नकाशा दृश्याच्या दिशेने सरकला. हा बदल निव्वळ सवयीचा नव्हता: नकाशाकडे येणाऱ्या अक्षतंतूंना, म्हणजे संदेश पुढे नेणाऱ्या चेतापेशींच्या लांब धाग्यांना, बदललेल्या दिशेने नव्या शाखा फुटल्या होत्या.

जुने पुसले जाते, हे म्हणणे तर याच प्रयोगांमुळे निकालात निघते. नव्या शाखांबरोबर जुन्या जोडण्याही शाबूत राहिल्या होत्या. गाबा या रसायनाद्वारे होणारे दमन त्यांना गप्प ठेवत होते, आणि औषधाने ते दमन रोखल्यावर दबलेले मूळ प्रतिसाद पुन्हा प्रकटले. बालपणी चष्म्याचा अनुभव घेतलेल्या घुबडांना प्रौढपणी तोच चष्मा दिल्यावर त्यांनी तो बदल पुन्हा आत्मसात केला, तर असा अनुभव नसलेल्या प्रौढांना ते जमले नाही.

प्रौढत्वाविषयीच्या मुद्द्यात मात्र थोडे तथ्य आहे. सुमारे 200 दिवसांच्या वयानंतर एकदम 23 अंशांचा चष्मा लावलेल्या घुबडांचा नकाशा फारसा सरकत नाही. पण एवढ्यावरून मेंदू गोठला असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे, कारण 2002 मध्ये हाच बदल 6, 11, 17 आणि 23 अंश अशा पायऱ्यांनी दिल्यावर प्रौढ घुबडांतही नकाशा बराच अधिक सरकला. पुढे 2005 मध्ये असे दिसले की चष्मा लावून जिवंत उंदरांची शिकार करणाऱ्या प्रौढांतील बदल मेलेले उंदीर खाणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी पाचपट होता. म्हणजे वयाइतकेच महत्त्व, अचूक ऐकण्यावर त्या प्राण्याचे काही अवलंबून आहे की नाही, यालाही आहे. तरीही पायऱ्यापायऱ्यांनी शिकलेली प्रौढ घुबडे पिल्लांइतका पल्ला गाठू शकली नाहीत.