राग नाही गं, वेगळंच काहीतरी

माझी चौदा वर्षांची लेक मध्यंतरी सलग तीन दिवस दारं आपटत घरात फिरत होती. काय झालं विचारलं की ठरलेलं उत्तर, "काही नाही." फारच खोदलं तर, "चिडचिड होतेय, बस." चौथ्या दिवशी रात्री उलगडा झाला. मैत्रिणींच्या ग्रुपवर तिने लिहिलं होतं, "शनिवारी मीपण येते." सगळ्यांच्या निळ्या टिका आल्या, उत्तर एकीचंही नाही. नंतर कळलं की शनिवारची ठरवाठरवी दुसऱ्याच ग्रुपवर झाली होती आणि त्यात ही नव्हतीच.

माझं डोकंच फिरलं. त्यातल्या एकीच्या आईला लावायला फोन हातात घेतला.

"आई, प्लीज नको."

"अगं, पण राग आलाय ना तुला त्यांचा?"

"राग नाही गं. वेगळंच काहीतरी. तो मेसेज मी टाकायलाच नको होता. सगळ्यांनी वाचलाय तो."

"ओशाळल्यासारखं झालंय?"

"हां. तसंच."

मी फोन खाली ठेवला. राग असता तर एकदा कडाकडा भांडून मोकळं होता आलं असतं. पण ओशाळलेल्या माणसाला एवढंच हवं असतं, की कोणी आपल्याकडे बघू नये आणि विषय वाढू नये. मी तो फोन केला असता तर 'हिने घरी जाऊन सांगितलं' हे अख्ख्या ग्रुपला कळलं असतं, आणि तीन दिवसांचं दुखणं तीन महिन्यांचं झालं असतं.

हे सगळं लिहितेय कारण 'मुलांची भावनिक बुद्धिमत्ता वाढवा' हे हल्ली फार ऐकू येतं, आणि त्याचा आपण लावलेला अर्थ मला पटत नाही. आपल्या डोक्यात अर्थ असतो : चिडू नकोस, रडू नकोस, उलटं बोलू नकोस. म्हणजे गप्प बसणारं मूल हुशार! पीटर सालोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही कल्पना मांडली आणि १९९७ मध्ये तिचे चार भाग केले. भावना ओळखणं, विचार करताना तिचा उपयोग करणं, ती समजून घेणं आणि मग ती सांभाळणं. सांभाळणं चौथं आहे. आपण पहिल्या तिन्ही पायऱ्या गाळून थेट चौथीवर उभे राहतो आणि खालच्या पोराला ओरडतो, चढ म्हणून.

बरं, ओळखणं या वयात सोपंही नसतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ५ ते २५ वर्षांच्या मुलामाणसांना, एखादं चित्र बघून नेमकं काय काय वाटतं, ते विचारलं होतं. लहान मुलं बहुधा एका वेळी एकच भावना सांगतात, म्हणून त्यांचं चित्र स्पष्ट असतं. किशोरवयात एकदम चार भावना जाणवायला लागतात, पण त्या एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. ते पुढे हळूहळू जमायला लागतं. म्हणजे "काही नाही" हे दरवेळी लपवणं नसतं. कित्येकदा खरोखरच सांगता येत नसतं.

(झोपेचंही सांगून टाकते. या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप उशिरा येते, आणि गरज मात्र ८ ते १० तासांची असते. सकाळी सहाला उठवलेल्या मुलाच्या 'ॲटिट्यूड'वर मी आता भाष्य करत नाही.)

मग काय, उत्साहाच्या भरात मी रोज विचारायला लागले : आज कसं वाटतंय, एक ते दहामध्ये सांग. चौथ्या दिवशी लेक म्हणाली, "तू आई आहेस की फीडबॅक फॉर्म?" बंद केलं.

त्यानंतर लक्ष स्वतःकडे गेलं. मी ऑफिसातून येऊन "डोकं दुखतंय" म्हणते. डोकं ठणठणीत असतं. कधी धास्ती असते, कधी उबग, कधी नुसताच अपमान गिळलेला असतो. हिरमुसणं, खट्टू होणं, कुढणं, तगमग, घालमेल, हुरहूर, खजील होणं... आपल्या भाषेत ही एवढी रास पडलीय आणि घरात चलनात असतात दोनच शब्द, टेन्शन आणि वैताग. मुलांच्या कानावरच पडले नाहीत तर त्यांच्या तोंडी कुठून येणार?

शब्द सापडला की सगळं बरं होतं, असं मात्र मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार १० ते १९ वयोगटात सातातल्या एकाला मानसिक आजार असतो. मूल दोन-दोन आठवडे उदास असेल, खाणंपिणं, झोप, मित्र सगळं सुटत चाललं असेल, तर डॉक्टरकडे न्यायचं. आणि जगण्याचा कंटाळा आल्याचं बोललं तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. तिथे शब्दांचे खेळ करत बसू नये.

परवा मी ठरवून मोठ्याने म्हटलं, "आज मला उबग आलाय." लेकीने मोबाइलमधून मान वर केली. "कशाचा?" माझ्याबरोबर लागलेल्या एकीला बढती मिळाल्याचं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उबग नाही हा. तुला हेवा वाटतोय."

बरोबर होतं तिचं. मला जरा रागच आला.