आडवा धागा

ज्या गावची चादर देशभर पांघरली जाते, त्या सोलापुरात जन्म काढूनही मला दोन फूट बाय एक फूट एवढी चादर जमत नाही. ही चादर सुताची नव्हे, माशांच्या टाकीच्या तळाशी पसरणाऱ्या गवताची. ड्वार्फ हेअरग्रास नावाचे हे गवत वाळूखालून आडवे धुमारे सोडते, प्रत्येक धुमाऱ्यावर नवे जुडगे उभे करते आणि काही महिन्यांत सगळा तळ झाकून टाकते, असे ऐकून सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर जानेवारीच्या अखेरीस मी कामाला लागलो.

लांब चिमट्याने चार-चार काड्यांचे जुडगे वाळूत रोवायचे, एवढेच ते काम. पण पाचवे जुडगे रोवले की चौथे उपटून वर तरंगत येई. चोपन्न लिटर पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून अख्खा रविवार घालवल्यावर जी लावणी झाली, ती पाहून आई म्हणाली, "भात असता तर निदान खाता तरी आला असता."

मार्च उजाडला, तरी गवत उंच होत राहिले, पसरेना. खालच्या मजल्यावरचे काका यंत्रमागावर आयुष्य काढलेले गृहस्थ, त्यांनी चष्मा सावरून टाकी निरखली आणि निकाल दिला, "ताणा झकास आहे की ओ, पण बाणा कुठाय?" निदान अचूक होते; उभे धागे होते, आडवा एकही नव्हता. उजेड कमी पडला की हे गवत आडवे पसरण्याऐवजी उजेडाच्या शोधात उंच जाते. मी प्रखर दिवा आणून तो दिवसाला दहा तास लावला. पंधरा दिवसांत आडवा धागा आला, मात्र तो गवताचा नसून शेवाळाचा होता, आणि त्याचे विणकाम इतके घट्ट, की काकांनीही मान डोलावली.

प्रखर उजेडाला कार्बन डायऑक्साइडची जोड हवी, म्हणून दिवा सहा तासांवर आणून मी बाटलीत साखर, पाणी आणि यीस्ट घालून नळी टाकीत सोडली. एप्रिलच्या उकाड्यात ते मिश्रण असे काही फसफसले, की घरभर पसरलेल्या वासावरून आईने माझ्याकडे हातभट्टीवाल्याकडे पाहावे तसे पाहिले. त्यात पाणी जितके कोमट, तितका वायू त्यात कमी विरघळतो; म्हणजे साखर माझी आणि बुडबुडे गावाचे. शेवाळ आटोक्यात ठेवायला आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलावे लागते, आणि आमच्याकडे नळाला पाणी येते चार-पाच दिवसांनी. त्यामुळे पिंप भरताना आधी माणसे की आधी गवत, यावर जे वाद झाले, त्यांत गवताच्या बाजूने मी एकटाच होतो. काढलेले पाणी आई कढीपत्त्याला घालते. तो मात्र खिडकीच्या वर गेला आहे.

मे महिन्यात बाहेर पारा बेचाळीसवर गेल्यावर बर्फाच्या बाटल्या तरंगत ठेवून मी गवताचे प्राण राखले; निम्मे तरीही पिवळे पडून गेले. जूनच्या पहिल्या पावसानंतर एका सकाळी काचेला लागून, वाळूतून डोके काढलेला एक पांढुरका धुमारा दिसला. मी धावत जाऊन काकांना वर आणले. त्यांनी बराच वेळ काचेला नाक लावून पाहिले.

"आला की ओ एक धागा," ते म्हणाले. "चादरीचं राहू द्या. पुढच्या गड्ड्यापर्यंत टॉवेल होतो का बघू."