अण्णांच्या चौदा सूचना

सकाळी सव्वासातला, कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत, मेल आला. मी खेळते त्या कॉम्प्युटर गेमच्या कंपनीला आठ महिन्यांपूर्वी पाठवलेल्या सूचनांचं उत्तर. अडीच ओळी. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, सध्या यावर काही करायचा विचार नाही, विषय बंद करत आहोत. आणि त्याच्याखाली लगेच जाहिरात, की जहाजांसाठी नवीन रंगांचा संच आलाय, विकत घ्या.

चहा गाळता गाळता मी मोठ्यानं काहीतरी बोलले. काय ते इथे लिहीत नाही, लिस्टमध्ये सासरचे लोक आहेत.

नव्याने जोडलेल्यांसाठी सांगते. मी त्रेचाळीस वर्षांची बाई, दिवसभर लोकांचे जीएसटी रिटर्न भरते आणि रात्री दहानंतर आकाशगंगा चालवते. "या वयात गेम?" असं विचारणाऱ्यांनी आधी स्वतःची कँडी क्रशची लेव्हल कमेंटमध्ये टाकावी, मग बोलू.

गेमचं नाव लिहीत नाही. खेळणारे ओळखतील, बाकीच्यांना फरक पडत नाही. जातकुळी सांगते फक्त. १९९३ साली ‘मास्टर ऑफ ओरायन’ आला तेव्हा अशा खेळांना फोर एक्स हे नाव चिकटलं. शोधा, पसरा, उपसा, संपवा, या चार इंग्रजी क्रियापदांतला एक्स उचलून. एका ग्रहापासून सुरुवात करायची, यानं सोडायची, वसाहती करायच्या, शेजाऱ्याशी तह करायचा किंवा त्याला बडवायचं. एक डाव महिनोन् महिने चालतो. माझ्या डावाचं नाव होतं ‘कराड संस्थान’, राजधानीचा ग्रह ‘प्रीतिसंगम’.

होतं म्हणते आहे, त्यावर येते.

गेल्या वर्षी अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते सहा आठवडे माझ्याकडे पुण्याला होते. अण्णा म्हणजे माझे वडील, कराड आगारातून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. सगळी हयात एसटीच्या कंट्रोल केबिनमध्ये गेली. रात्री पाय ठणकायचा, झोप लागायची नाही, मग माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून, पाय स्टुलावर ठेवून बसायचे. पहिल्या रात्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या रात्री हातातली काठी उचलून स्क्रीनच्या कोपऱ्याकडे दाखवली.

"ती गाडी का उभी आहे?"

"कुठली?"

"ती. मघापासून हललेली नाही."

बघते तर बांधकामाचं यान. एका ताऱ्यापाशी चौकी बांधायला पाठवलं होतं, काम उरकून तिथेच उभं. नोंद काढून पाहिली, तर गेममधली अकरा वर्षं उभं होतं.

"अकरा वर्षं? आणि डेपोत कोणाला पत्ता नाही?"

लाज वाटली हो मला. आणि मग वाटलं, मला का वाटावी? साडेतीनशे तारे आहेत, रिकाम्या उभ्या यानांची एक साधी यादी द्यायला या गेमला काय झालंय? ढेबेवाडीची मुक्कामी गाडी सकाळी सुटली की नाही, हे मोबाइल नसलेल्या काळात अण्णांना कळायचं. आणि हे लोक प्रकाशाच्या वेगापलीकडे यानं पळवतात!

तिसऱ्या रात्रीपासून त्यांनी डायरी उघडली. बँकेची, दोन वर्षांपूर्वीची, कोरी. तारीख, अनुक्रमांक, सूचना. चौदा सूचना झाल्या. मी त्या इंग्रजीत करून, स्क्रीनचे फोटो जोडून, खुणा करून पाठवल्या. दोन रविवार गेले त्यात. त्यावर अडीच ओळी!

सगळ्या चौदा इथे लिहीत नाही, पण काही ऐकाच.

सूचना क्रमांक तीन, आवाज. या गेममध्ये काहीही झालं की ‘टुंग’ वाजतं आणि वर एक चौकोन येतो. कुठल्या तरी शेतकी ग्रहावर दोन माणसं बेकार झाली, टुंग. शत्रूचं आरमार राजधानीच्या दारात आलं, टुंग. तोच आवाज, तोच चौकोन, तोच रंग. अण्णा म्हणाले, "गाडी सुटतेय हे आणि पोर हरवलंय हे एकाच सुरात पुकारायचं नसतं. पोर हरवल्याचं पुकारताना आवाज चढलाच पाहिजे." एवढं साधं आहे हे. याला नवीन तंत्रज्ञान लागत नाही, कधी तरी गर्दीच्या स्टँडवर उभं राहावं लागतं.

सूचना पाच, अक्षरं. अण्णा पंचांग वाचायचं भिंग घेऊन स्क्रीनला नाक लावून बसायचे. अक्षर मोठं करायची सोय आहे, नाही असं नाही. ती लावली की तळाची बटणंच स्क्रीनबाहेर जातात. म्हणजे वाचता येतं, दाबता येत नाही.

सूचना नऊ मला सगळ्यांत आवडलेली. वसाहती वाढल्या की आपोआप कारभार बघणारा अधिकारी नेमता येतो, मी त्याला सुभेदार म्हणते. धान्यासाठी राखलेल्या ग्रहावर हा गाढव शस्त्रांचे कारखाने काढतो आणि मग धान्य नाही म्हणून रडतो. अण्णा म्हणाले, "तू त्याला लेखी काय दिलंयस?" काही देताच येत नाही. एकच बटण आहे, चालू नाहीतर बंद. "मग त्याला का शिव्या देतेस? माणूस नेमला की हुकूम कागदावर हवा. एवढं धान्य झाल्याशिवाय दुसरं काही बांधू नकोस, असा."

बरं, एक कबूल करते. खेळणाऱ्यांच्या सूचना बऱ्याचदा भिकार असतात. मी वाचते ना इतरांच्या. निम्म्यांना आपलंच जहाज अजिंक्य करून हवं असतं. झालं, म्हटलं.

आणि खेळणाऱ्यांचं सगळं ऐकावं असंही मी म्हणत नाही. ‘स्टेलारिस’ घ्या, असाच एक गेम, स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा, २०१६चा. त्यात आधी ताऱ्यांमधून प्रवासाचे तीन प्रकार होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याची २.० आवृत्ती आली आणि दोन प्रकार काढून टाकले, सगळ्यांनी ठरलेल्या वाटांवरूनच जायचं. केवढी आरडाओरड झाली होती! मीही केली. आता वाटतं की बरोबरच होतं ते. हे मला पटवलं अण्णांनी, स्टेलारिसचं नावही न ऐकता. माझ्या गेममध्येही तशाच वाटा आहेत. नकाशा बघून दुसऱ्या मिनिटाला त्यांनी एका ताऱ्यावर काठी टेकवली. "हा कुंभार्ली घाट. चिपळूणकडून यायचं तर इथूनच. इथे नाकं बसव, बाकी सगळीकडे पहारा कशाला?" वाटा आहेत म्हणून घाट आहे, घाट आहे म्हणून डावपेच आहे. कोणीही कुठूनही उडून आलं तर नाकं बसवणार कुठे?

पण फरक बघा. स्टेलारिसवाल्यांनी बदल का केला ते आधी लांबलचक लिहून सांगितलं. ज्यांना नको त्यांना स्टीमवर, म्हणजे गेम विकत मिळतात त्या ऑनलाइन दुकानात, जुनी आवृत्ती लावून खेळायची सोय ठेवली. २०२१ मध्ये तर जुनंच दुरुस्त करायला, चकाकी द्यायला एक वेगळी टीम बसवली. पॅरिसच्या अँप्लिट्यूड कंपनीने ‘एंडलेस स्पेस २’ या गेममधली झाडांसारखी दिसणारी ती शांतताप्रिय जमात चक्क खेळणाऱ्यांच्या मतदानाने निवडली. हे लोक संत नाहीत, पैसे काढायला तेही बसलेत, गेमला वरून जोडायच्या त्यांच्या विकतच्या भागांची यादी बघून डोळे फिरतात. पण ऐकल्याची पोच तरी देतात.

अण्णांकडे कंट्रोल केबिनमध्ये तक्रार-सूचनांचं पुस्तक असायचं. लहानपणी शाळा सुटली की मी तिथे बाकावर बसून ते वाचायचे, गोष्टीच्या पुस्तकासारखं. एकदा कोणीतरी लिहिलं होतं, कराडहून थेट काशीला गाडी सोडा. मी खो खो हसले. अण्णा हसले नाहीत. त्या माणसाला त्यांनी पत्र घातलं, की काशीला आपली गाडी जात नाही, पण अमुक गाडीने मिरजेला जा, तिथून रेल्वेचं बघा. दुसऱ्या एका बाईंनी लिहवून घेतलं होतं की ढेबेवाडीची गाडी सावलीच्या फलाटावर लावा, बाजाराच्या दिवशी पाट्या घेऊन उन्हात उभं राहावं लागतं. दुसऱ्या दिवशी गाडी सावलीत. कोणाची मीटिंग नाही, मोलाचा अभिप्राय नाही, काही नाही. फलाट बदलला.

मला माहितीये, बस आणि सॉफ्टवेअर सारखं नसतं. एक ओळ हलवली तर दहा ठिकाणी फुटतं, माझा भाचा त्याच धंद्यात आहे, तो सांगतो. शेवटच्या शंभर वर्षांत गेम इतका मंदावतो की एक महिना सरेपर्यंत माझी मेथी निवडून होते, तर तेही सोपं नाही म्हणे, प्रत्येक वसाहतीतल्या प्रत्येक माणसाचा हिशोब चालू असतो. असेल. पण रिकाम्या यानांची यादी? वेगळा टुंग? आणि रंगांचा संच करायला वेळ मिळाला तो कुठून?

आता सूचना चौदा. अण्णा कराडला परत जायच्या आदल्या रात्री त्यांनी ती लिहिली. मी सहज बोलून गेले होते की मोठं अपडेट येणारे. त्यांनी विचारलं, मग हा आपला डाव? म्हटलं, चालेल की. त्यांनी डायरी घेतली. ‘१४. नवीन वेळापत्रक लागू करताना जुन्यावर निघालेल्या गाड्या मुक्कामी पोचेपर्यंत जुनेच चालू ठेवावे.’ हे वाक्य मी इंग्रजीत तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं, इतकं नीट मला जमेना.

सूचना पाठवल्या त्याच्या तिसऱ्या महिन्यात अपडेट आलं. रात्री, न विचारता. सकाळी कराड संस्थान उघडेना. ‘ही सेव्ह या आवृत्तीशी जुळत नाही.’ सेव्ह म्हणजे साठवून ठेवलेला डाव. जुनी आवृत्ती परत लावायची सोय नाही. प्रीतिसंगम गेलं, कुंभार्ली घाटावरचं नाकं गेलं, अण्णांनी काठीने दाखवून दाखवून लावलेले सगळे मार्ग गेले. चाळीसेक रात्री होत्या त्या. बापलेक एवढे सलग एकत्र बसल्याचं मला तरी दुसरं आठवत नाही, माझ्या लहानपणी ते ड्युटीवर आणि नंतर मी पुण्यात.

फाइल अजून आहे लॅपटॉपवर. काढवत नाही.

एवढं टाइप करेपर्यंत राग थोडा उतरला, आणि मध्येच अण्णांचा फोन आला. रोज नऊला येतो. दर आठवड्याला एकदा विचारतात, तुझ्या त्या लोकांचं काही उत्तर? आज म्हटलं, आलं. वाचून दाखवलं, मराठीत करून, जरा गोड करून.

"चौदांपैकी कुठली नामंजूर झाली?"

"सगळ्याच, अण्णा. एकदमच बंद केलंय."

"असं नसतं. चौदा सूचना म्हणजे चौदा उत्तरं. एकेक नंबर टाकून परत विचार. आणि तारीख घाल, तू तारीख घालत नाहीस."

"घालते."

मग थोडा वेळ गप्प. मागे टीव्ही चालू होता.

"अगं, ती गाडी हलवलीस का? ती अकरा वर्षं उभी होती ती?"

सेव्ह गेल्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

"हलवली," म्हटलं.