किमान देय भरा, निश्चिंत राहा

क्रेडिट कार्डाचं बिल आलं की काही माणसं उगाच कामाला लागतात. स्टेटमेंट उघडतात, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचतात, 'एकूण देय' समोरचा आकडा पैशांसकट भरतात आणि मोकळी होतात. अशा गिऱ्हाइकाकडून बँकेला व्याजाचा एक रुपया सुटत नाही. तुम्हाला असं अरसिक व्हायचं नाहीये. तुम्हाला बँकेचं लाडकं गिऱ्हाईक व्हायचंय, म्हणून हे काही उपाय.

पहिला उपाय, लिमिटला पगार समजा. पगार 40 हजार आणि लिमिट 2 लाख, म्हणजे या महिन्याची कमाई 2 लाख 40 हजार. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण जुनी झाली. आता तुम्ही पाय पसरले की बँकच ऐन जेवणाच्या वेळी फोन करते, "सर, अंथरूण वाढवून देऊ का?" तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण तुम्ही कशाला आडकाठी करताय? द्या संमती, आमटी गार होतेय.

अडीनडीला एटीएममधून कार्डावर रोख काढा. साधारण अडीच टक्के फी आणि व्याज त्याच दिवसापासून, वाट बघायची भानगडच नाही.

आता बिल भरण्याची कला. ॲपमध्ये 'किमान देय' नावाचं एक प्रेमळ बटण असतं. ते दाबलं की हिरवी खूण येते, आभाराचा एसएमएस येतो, लेट फी लागत नाही. मग उरलेल्याचं काय? समजा थकबाकी 1 लाख आहे, किमान देय 5 टक्के, व्याज महिना साडेतीन टक्के. तुम्ही 5,000 भरले. त्यातले 3,500 व्याजात गेले, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटीचे 630 गेले. मुद्दलातून किती कमी झाले? 870 रुपये. याच गतीने, कार्डावर पुढे एक रुपयाचीही खरेदी न करता, किमान देय भरत राहिलात तर थकबाकी निम्म्यावर यायला 80 महिने लागतील. तोवर तुम्ही सुमारे 2 लाख 89 हजार भरलेले असाल आणि 50 हजार तरीही बाकीच असतील. पहिलीत घातलेलं पोर सातवीत जाईल, तुमचं कर्ज अर्ध्यावर येईल.

महिना साडेतीन म्हणजे वर्षाला 42 टक्के. गावाकडे याला पठाणी व्याज म्हणायचे. महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराने बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही, असा दर सरकारने ठरवून दिलाय. बँकांना तो लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली कार्डावर 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निकाल रद्द केला. तेव्हा त्या आशेवर बसू नका.

किमान देय भरायला लाज वाटत असेल तर त्याहून सभ्य मार्ग आहे, राउंड फिगर. बिल 48,312 आलं की 48,000 भरायचे. वरचे 312 पुढच्या महिन्यात देऊ, बँक काय पळून जाते?

हा उपाय फार गुणकारी, म्हणून जरा सविस्तर. या बिलात 8 जूनला घेतलेला 46,000 चा फ्रिज आहे असं धरा. 5 जुलैला स्टेटमेंट, 25 जुलै शेवटची तारीख, आणि तुम्ही 25 लाच 48,000 भरलेत. तुमच्या मते थकले 312. बँकेच्या मते बिल पूर्ण भरलं नाही, सबब बिनव्याजी मुदत रद्द. आणि ती फक्त 312 पुरती रद्द होत नाही. अनेक बँकांच्या हिशेबात अख्ख्या खरेदीवर व्याज लागतं, तेही मागे जाऊन, खरेदीच्या तारखेपासून पैसे भरल्याच्या तारखेपर्यंत. 46,000 वर 47 दिवसांचे 2,488 रुपये. वर जीएसटी 448. एकट्या फ्रिजपायी 2,936 रुपये! तीनशे बारा रुपयांसाठी! नऊपटीच्या वर! आणि किमान रकमेपेक्षा कितीतरी जास्त भरल्यामुळे लेट फी लागत नाही, म्हणून माणूस महिनाभर समजतो की सगळं ठीक आहे. पुढे काय होतं? मागची बाकी आहे तोवर नव्या खरेदीलाही मुदत नाही. पेट्रोल, औषधं, मोबाइलचा रिचार्ज, कार्ड घासल्या दिवसापासून मीटर चालू. घाबरून पुढचं बिल पूर्ण भरलं, तरी स्टेटमेंटपासून भरण्यापर्यंतच्या दिवसांचं व्याज त्याच्या पुढच्या बिलात शेपटीसारखं येतं. मग तुम्ही कस्टमर केअरला फोन लावता, नऊ दाबता, पाच दाबता, बासरी ऐकता, आणि पलीकडून शांतपणे सांगितलं जातं, "सर, ते टर्म्स अँड कंडिशन्समध्ये आहे." आहे ना! मुंगीच्या अक्षरात आहे! एका दिवसात ठळक अक्षरात चार ऑफर पाठवता येतात, मग '312 बाकी आहेत, आजच भरा' हा एक मेसेज पाठवायला काय धाड भरते?

असो. उपाय चालू ठेवू.

नो-कॉस्ट ईएमआय घ्या. 60,000 चा फोन, 5,000 चे 12 हप्ते. 16 टक्के दर धरला तर आत 4,890 रुपये व्याज दडलेलं असतं. तेवढी सूट दुकानदाराकडून दाखवतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी, सुमारे 880 रुपये, तुमच्याच बिलात येतो. प्रोसेसिंग फी निराळी.

एका कार्डाचं बिल फिरवाफिरवी करून दुसऱ्या कार्डाने भरा. बुडत्याचा पाय खोलात, पण रिवॉर्ड पॉइंट मिळतात.

आणि फारच झालं तर 'सेटलमेंट' करा. वसुलीवाला म्हणेल निम्मे भरा, विषय संपला. सिबिलच्या, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या, नोंदीत 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' लागतं. मग काही वर्षांनी गृहकर्जाच्या टेबलावर तो विषय पुन्हा निघतो.

पुरे झाली थट्टा. सलग दुसऱ्या महिन्यात किमान देय भरताय? घरातला किराणा उधारीवर आणि पगार आला की बिलात खलास? सगळ्या कार्डांची मिळून थकबाकी किती, हे कागद न बघता सांगता येत नाही? बिलाचा एसएमएस न उघडताच पुसताय? मग तुम्ही अडचणीत नाही, कर्जात आहात, आणि हे स्वतःशी कबूल करायला लाजताय. बँक लुटते हे खरं, पण बटण तुम्ही दाबताय!

कार्ड आजपासून बंद, कपाटात. ऑनलाइन दुकानांत साठवलेला नंबरही काढून टाका. सगळ्या कार्डांची थकबाकी आणि व्याजदर एका कागदावर लिहा. सगळीकडे किमान भरून उरेल तो प्रत्येक रुपया सर्वात चढ्या दराच्या कार्डावर टाका. बँकेकडे थकबाकीचे हप्ते करून मागा, किंवा 14-15 टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज मिळत असेल तर ते घेऊन कार्ड फेडा. पण फेडल्यावर मोकळं झालेलं लिमिट पुन्हा वापरलंत तर दोन कर्जं होतील, आणि तशी करणारे पैशाला पासरी आहेत. मोडायला एफडी असेल तर मोडा. 7 टक्के कमवायचे आणि 42 टक्के द्यायचे, हा कुठला हिशेब?

राउंड फिगरपायी व्याज पडलं असेल तर त्याच आठवड्यात लेखी मागणी करा. पहिलीच वेळ असेल तर बँका कधीकधी परत करतात. वसुलीवाले सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करत असतील तर तारीख-वेळ टिपून आधी बँकेकडे तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, 14448 वर माहिती मिळते. थकबाकी शून्य करून कार्ड बंद करायला सांगितलं की 7 कामकाजाच्या दिवसांत बंद व्हायला हवं, पुढे उशीर झाला तर दिवसाला 500 रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असतात. ते मागा, मागितल्याशिवाय कोणी हातावर ठेवणार नाही.

आणि शेवटची तारीख उलटल्यावर 3 दिवसांची सवलत मिळते ना, असं म्हणाल, तर ती सवलत लेट फी आणि सिबिलच्या नोंदीपुरती आहे, व्याजाला नाही. ऑटोपे लावलंय म्हणून निवांत बसला असाल तर आत्ता ॲप उघडा आणि तिथे 'एकूण देय' आहे की 'किमान देय' ते बघा. 'किमान' असेल तर बदला. बदल लागू व्हायला वेळ लागतो, तेव्हा या महिन्याचं बिल हाताने भरा. वरच्या 312 सकट!